तिसऱ्या दिवशी या

राणीसावरगावचे डॉ. मुकुल चारठाणकर पूर्वी असे नव्हते. ताप-खोकला म्हटलं की अँटिबायोटिक लिहायचे आणि घरी जाऊन निवांत झोपायचे. मग बोटातल्या रक्ताच्या थेंबावरून अंगातली सूज आकड्यात सांगणारं ते छोटं मशीन टेबलावर आलं आणि त्यांच्या जिवाची शांती गेली. आकडा कमी आला की जंतूंचा मोठा संसर्ग नाही असं धरून अँटिबायोटिक द्यायचं नाही, "तिसऱ्या दिवशी येऊन दाखवा" म्हणायचं आणि तोवर स्वतःच तळमळत बसायचं.

त्या सकाळी पारूबाई आली. अंगात ताप, खोकला. आकडा मात्र अगदी कमी. डॉक्टरांनी नुसत्या तापाच्या गोळ्या दिल्या आणि सवयीने तिसऱ्या दिवशी बोलावलं. तिनं मान डोलावली. डॉक्टरांना तोंडावर नाही म्हणायची रीत इकडे नाही.

संध्याकाळी चहा देताना प्रमोदिनी, त्यांची बायको, सहज म्हणाली, "ऊसतोडीची टोळी आज निघतेय, फाट्यावर ट्रक भरतोय. पारूबाई काल निरोप घ्यायला आली होती, चांगली ठणठणीत होती."

काल ठणठणीत? डॉक्टरांनी कप तसाच खाली ठेवला. म्हणजे ताप आजचाच! इतक्या लवकर रक्तात सूज दिसत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ताप कधीपासून, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. आणि तिसऱ्या दिवशी पारूबाई असणार कुठल्याशा परमुलखातल्या उसाच्या फडात.

मशीन आणि औषधं पिशवीत कोंबून ते फाट्यावर पळाले. ट्रक पेट्या, शेळ्या आणि माणसांनी गच्च भरला होता. डॉक्टर चाकावर पाय देऊन वर चढले.

"पारूबाई, ताप कवापासून?"

"आज पहाटपासून."

"मग सांगितलं का न्हाई?"

"तुमी कुठं इचारलं? तुमचं ध्यान त्या मशीनीत."

त्यांनी तिची छाती तपासली. उजवीकडे खरखर होती. पुन्हा बोट टोचलं. निकाल येईपर्यंत टोळीचा मुकादम ओरडत राहिला, ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. आकडा चांगलाच चढला होता. डॉक्टरांनी अँटिबायोटिक तिच्या पदरात बांधलं. "सगळ्या गोळ्या घ्यायच्या. दम लागला तर फडात थांबू नका, जवळचा दवाखाना गाठा."

"सकाळी खोटं बोललं व्हय ते मशीन?"

"मशीन न्हाई बाई. मीच घाई केली."

शेजारच्या आश्रुबानं आपलं बोट पुढं केलं. "आमचं बी बघा की डाक्टर, लय लांब जायलाव आमी." बघता बघता ट्रकभर बोटं पुढं आली. सगळी धडधाकट माणसं. आज त्यांच्या रक्तात काहीच निघणार नव्हतं. पण यांना ताप चढेल तेव्हा कधीपासून म्हणून विचारणारं तिथं कोण असेल?

मुकादम उतरा उतरा म्हणून ओरडत होता आणि डॉक्टर काही खाली उतरेनात.