सात दिवसांचा खाडा

गल्लीत तिला मिलिमीटरबाई म्हणायचे, आणि त्याचा तिला राग येत नसे. राग येण्यासाठी घरात नवरा होता.

दवाखान्यात कंपाउंडर म्हणून चौतीस वर्षं औषधं मोजण्यात गेलेली बाई ती. निवृत्त झाल्यावर तिने मागच्या अंगणात गुडघ्याएवढ्या खांबावर पाऊस मोजायची नळी बसवली आणि हवामान केंद्राच्या हौशी निरीक्षकांत नाव घातलं. रोज सकाळी सातला गवतात गुडघे टेकायचे, डोळे पाण्याच्या पातळीला आणायचे, पाण्याच्या खोलगट रेषेची खालची कड वाचायची, नळी रिकामी करायची आणि आकडा फोनवरून धाडायचा. पाऊस नसेल तर शून्य. न बघता मात्र शून्यसुद्धा लिहायचं नाही, तिथे ‘पाहिले नाही’ असं कळवायचं. तसं तिने एकदाही कळवलं नव्हतं. ताप असो, पाहुणे असोत, खाडा नाही. दहा वर्षं सलग झाली की केंद्र त्या जागेची नोंद मोठ्या अभ्यासाला घेणार होतं. एकोणीस दिवस उरले होते, आणि नेमकी तेव्हाच पित्ताच्या खड्यांनी उचल खाल्ली.

आता भिस्त नवऱ्यावर. हा गृहस्थ जन्मभर कारखान्याच्या कॅंटीनमध्ये आचारी होता. मीठ मुठीने, पाणी नजरेने, किती घालायचं विचारलं तर म्हणणार, “हाताला कळतं.” त्याच्या हाताला चव होती, हे तीही कबूल करायची. पण चव वेगळी आणि पाऊस वेगळा. दवाखान्यात दाखल होताना तिने त्याला तीनदा बजावलं. तो तीनदा “हो, हो” म्हणाला, आणि तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर तिला पहिल्यांदा दिसलं ते काय, तर नवऱ्याच्या विजारीचे चिखलाने माखलेले दोन गुडघे. “दवाखान्यात असं येतात का हो?” तिचे पहिले शब्द हे. तो नुसता हसला, म्हणून ती आणखी चिडली.

नवव्या दिवशी ती घरी आली, खुर्चीत टेकली आणि पाणीसुद्धा न पिता फोनवरची नोंद उघडून बसली. ताजा दिवस वर, जुना खाली, असे आकडे होते: ८.०, ०.५, ५.०, १.०, ६.०, २.५, ४.०. सगळ्यात खाली, ऑपरेशनच्या दिवसापुढे, ३.७.

“अहो, इकडे या. हा पाऊस कुठे पडला?”

“अंगणात,” तो हात पुसत म्हणाला.

“असा पूर्ण आणि अर्ध्याच्या मापात पडतो होय पाऊस? नळी बघितली होती का?”

“तुझ्या खोलीच्या खिडकीतून दिसत होता की. त्यावरून अंदाज...”

“दवाखान्याच्या खिडकीतून? आपलं अंगण कुठे, दवाखाना कुठे!”

“अगं, सातला तुला चहा लागतो, डॉक्टर फेरीला येतात. तुला टाकून कसा येणार? आणि खाडा पडला असता तर तू मला उभं जाळलं असतंस. म्हटलं, कोणाला कळतंय!”

“मला कळलं ना!”

टाके दुखेपर्यंत ती ओरडली. मग एकदम रडूच आलं. आता पुन्हा पहिल्यापासून दहा वर्षं मोजायची तर ती सत्त्याहत्तरची होणार. आकडे तसेच ठेवले तर केंद्राला काडीचाही पत्ता लागला नसता, आणि तिचं बोट क्षणभर अडलंही. पण चौतीस वर्षं जिने अंदाजाने एक थेंब कोणाला दिला नाही, तिच्याने ते होईना. एकेका दिवसापुढे ती ‘पाहिले नाही’ भरत गेली. शेवटच्या आकड्यावर थांबली.

“आणि हा तीन पूर्णांक सात कुठून आणलात?”

“तो खरा आहे.”

तिने मान वर केली.

“साडेसहाला तुला आत नेलं आणि दार लागलं,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “बाहेर बसून आकडा लिहायला फोन काढला, पण हात होईना. म्हटलं, आज तरी खोटं नको. धावत घरी आलो. खालची कड वाचली, तू सांगतेस तशी. दोनदा वाचली. मग तू शुद्धीवर येऊन माझ्यावर खेकसलीस, तेव्हा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आता काही होत नाही हिला. पुढचं लिहिलं अंदाजाने.”

तिने बोट मागे घेतलं. ३.७ला तिने हात लावला नाही.

“मला महिनाभर वाकायला बंदी आहे,” ती म्हणाली. “उद्या सातला तुम्ही गुडघे टेका. मी शेजारी उभी राहते.”

“बरं.”

“आणि विजार तीच घाला. एक तर खराब झालीच आहे.”