दोन दरवाज्यांचा मांडव

तापीच्या काठापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत स्वतःचं परराष्ट्र धोरण असलेला माणूस एकच, आणि तो माझा साडू आहे. हे मी अभिमानाने सांगतो, कारण बाकीच्यांच्या साडूंकडे फार तर बुलेट असते. आमचे साडू लोणखेड्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होते. वाळवी लागलेली पुस्तकं रद्दीत काढताना त्यांना एकोणिसाव्या शतकातल्या एका युरोपियन काउंटचं, म्हणजे सरदार घराण्यातल्या एका राजदूताचं, जाडजूड चरित्र सापडलं. ते त्यांनी घरी आणलं, आणि आमच्या गोतावळ्यात एका गोऱ्या माणसाची भर पडली. हा काउंट ज्या राज्याचा वकील होता ते राज्य आता नकाशावरही नाही, पण साडूंच्या ओट्यावर काउंटसाहेब अजून नोकरीवर आहेत.

काउंटसाहेब घरातले धाकटे. वाट्याला जमीन नाही, म्हणून वकिलातीत पत्रं नकलायला बसले. मग सीलबंद थैल्या घेऊन बर्फातून घोडागाडीने हिंडले, आणि चढत चढत दोन राजांच्या मधे बसून लढाई थांबवण्याइतके मोठे झाले. ही कथा साडू बारशाला सांगतात, दहाव्याला सांगतात, शहादा स्टँडवर बस लागेपर्यंत अनोळखी माणसाला सांगतात आणि बस लागली की त्याच्याच शेजारी बसून पुरी करतात. वीज कंपनीला तक्रार लिहिली तरी पाकिटावर लाखेचं सील. भर मे महिन्यात, सावलीत बसलेली कुत्रीसुद्धा जागा बदलत नाहीत अशा उन्हात, महत्त्वाच्या कामाला निघताना अंगात काळा कोट. ‘काउंटसाहेब उपाशीपोटी उत्तर देत नसत आणि भरल्या पोटी वचन देत नसत,’ असं म्हणून ते आधी अर्धी भाकरी खातात. आम्ही हसायचो. मी जरा जास्तच हसायचो.

पण माझ्या मुलीचं लग्न ठरलं आणि माझं हसू आटलं. ब्राह्मणपुरीला शेती करणारा माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, आणि मी नऊ वर्षं बोलत नव्हतो. कारण एक कडुलिंबाचं झाड. आमच्या दोघांच्या बांधावर होतं, दादा त्याच्याखाली दुपारी निजायचा, आणि मी त्याला न विचारता ते तोडलं. चूक माझी होती हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण त्याने चारचौघांत मला दोन शब्द सुनावले, तेव्हापासून मीही ताठ. त्याने आधी यावं असं मी म्हणायचो, मी आधी यावं असं तो. मुलीने मात्र एका वाक्यात निकाल लावला. ती म्हणाली, “मोठेबाबा मांडवात नसतील तर मी बोहल्यावर चढणार नाही.”

साडूंनी न सांगताच कोट चढवला. ते ब्राह्मणपुरीला गेले, आणि जातच राहिले. दादाच्या मळ्यात बसून चहा घ्यायचा, पपईवर पडलेल्या रोगाबद्दल हळहळायचं आणि संध्याकाळच्या बसने परत. लग्नाचा विषय नाही, झाडाचा नाही, माझा तर नाहीच. दादा एकदा वहिनीला म्हणाला म्हणे, “हाऊ मानूस रोज येस, च्या पेस, पपई देखस नि चालना जास. याले पाहिजे तरी काय?” इकडे लग्न आठ दिवसांवर आलं. मी चिडून साडूंना म्हणालो, “अहो, तुम्ही समेट करताय की शेती शिकताय?” ते शांतपणे म्हणाले, “ज्या दिवशी समोरचा स्वतः विचारेल, त्या दिवशी विषय काढायचा.”

सातव्या फेरीला दादाने विचारलं. तेव्हा साडूंनी त्याला जे सांगितलं तेच मला येऊन सांगितलं. “तो आधी येणार नाही. तुम्हीही आधी जाऊ नका. कोणीच आधी यायचं नाही.” काउंटसाहेबांनी दोन राजांना एका दालनात दोन दारांनी एकाच क्षणी आणलं होतं. मग आमच्या गल्लीतल्या मांडवालाही दोन तोंडं झाली, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. मांडववाला म्हणाला, “नवरी एक नि दरवाजा दोन कसाले?” साडूंनी पावलं मोजून मधोमध खडूने रेघ मारली.

मांडवाच्या दिवशी सगळी भावकी दोन्ही अंगांना उभी. साडू रेघेवर, हातात रुमाल. रुमाल खाली आला आणि आम्ही निघालो. दहा पावलांवर माझ्या लक्षात आलं की दादा उजव्या पायावर भार देत नाहीये. गुडघा गेला होता त्याचा. केव्हा गेला, कसा गेला, मला काही माहीत नव्हतं. नऊ वर्षांत माझा भाऊ म्हातारा झाला होता आणि मी ते बघायला हजर नव्हतो. मग मी रेघ बघितली नाही. पळत गेलो आणि त्याचा दंड धरला. म्हणालो, “दादा, झाड मी तोडं. मन्ही चूक शे.” माझी घाई आवरत तो म्हणाला, “माले म्हाईत शे. हयू चाल, लोके देखी ऱ्हायनात.” मागून साडू कुरकुरत होते, “रेघ ओलांडली तुम्ही. सगळा करार बिघडवला.”

दुपारी वरण-बट्टीची पंगत बसली. कोणी कुठे बसायचं याची यादी साडूंनीच केली होती, मानापानात तसूभर चूक नव्हती. दादा आणि मी शेजारी शेजारी. पहिला घास घेताना दादा थांबला आणि म्हणाला, “पाव्हना कोठे शे?” मी वळून बघितलं. साडू चुलाणापाशी, वाढप्यांच्या मागे, कोट हातावर घेऊन उभे होते. सगळ्यांना जागा देणाऱ्या यादीत त्यांनी स्वतःचं नाव लिहिलंच नव्हतं. दादा दुखऱ्या गुडघ्याने सरकला. “पाव्हना, आठे ये. आमना दोन्हीस्ना मझार बठ.”

ते आले, आमच्या दोघांच्या मधे बसले. बराच वेळ ताटाला हात लावला नाही. मग हळूच मला म्हणाले, “तह झाल्यावर राजांनी मोठी मेजवानी दिली होती. काउंटसाहेबांची खुर्चीच मांडलेली नव्हती. ते खानावळीत जेवले.” इतकी वर्षं ते चरित्र ऐकलं, पण हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. दादाने त्यांच्या ताटातली बट्टी स्वतःच्या हाताने कुस्करली, वर तूप घातलं आणि म्हणाला, “जेव भो, गार व्हई जाई.”