भाषेला दोघं लागतात

"वसूताई, अक्का गेली..." शैलजाच्या धाकट्या भावाचा, मल्लिकार्जुनचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या घरी चहा गाळत होते. भाषाविज्ञान शिकवण्यात शैलजाचा आणि माझा जन्म गेला.

शैलजा उदगीरची. वडिलांचं किराणा दुकान. घरात कन्नड, गल्ल्यावर मराठी, बाजारच्या दिवशी गिऱ्हाइकांशी उर्दू. "शाळेत जाईपर्यंत मला ठाऊकच नव्हतं की या तीन भाषा आहेत," ती सांगायची, "वाटायचं, माणूस बदललं की बोलणं बदलतं." नांदेडच्या कॉलेजात शिकवायला आम्ही एकत्र लागलो आणि पहिल्याच वर्षी आमची जुंपली. मी म्हणायची, भाषेचा साचा मूल जन्मतःच घेऊन येतं. नाहीतर एवढी गुंतागुंतीची गोष्ट ते इतक्या लवकर शिकेल कसं? ती म्हणायची, साचाबिचा काही नाही, भाषा माणसांच्या मधोमध घडते. जगभरचे भाषावैज्ञानिक ज्यावर भांडतात, त्यावरच आम्ही स्टाफरूममध्ये चहा गार होईपर्यंत भांडायचो.

चाकूरजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी आम्ही गेलो तेही या वादापायीच. त्यांची मुलगी गंगा जन्मतः बहिरी, विशी ओलांडलेली, शाळा न पाहिलेली. तिनं आणि तिच्या भावानं, नामदेवनं, लहानपणापासून हातांच्या खुणा बनवल्या होत्या. नामदेवला ऐकू येत होतं, पण बहिणीशी तो हातांनीच बोलायचा. दोघांना कुणीही काही शिकवलेलं नव्हतं. आई म्हणाली, "बाई, मुकी हाय ती. तिला कुठली भाषा? नुस्ते हातवारे." बोलता बोलता कळलं, गंगाचं लग्न ठरलंय. बिलोलीकडचं बिजवर स्थळ. शैलजानं विचारलं, "मुलीला पसंत आहे?" वडील सरळ मनानं म्हणाले, "तिला काय इचारायचं? तिला काय कळतंय?"

शैलजा उठली, गंगाला घेऊन गोठ्यामागं गेली. थोड्या वेळानं गंगा हसू दाबत परत आली आणि भावासमोर तिचे हात भराभर चालू लागले. नामदेव फिस्सकन हसला, "बाईनं वासराला चष्मा घातला म्हनं! अन् वासरानं मान हलवून पाडला!" मागून शैलजा आली. चष्मा हातात, काचेला शेण.

सगळे हसले. वडीलही हसले, मग लेकीकडं बघत राहिले. शैलजा त्यांना म्हणाली, "दादा, जे तुम्ही पाहिलं नाही ते हिनं सांगितलं आणि तुम्हाला कळलं. भाषा म्हणजे आणखी काय असतं? आता लग्नाचंही विचारा."

नामदेवनं विचारलं. गंगानं आधी आईकडं पाहिलं, मग सावकाश हात हलवले. नामदेवचा आवाज उतरला. "न्हाई म्हनतीय. म्हनतीय, त्या मानसाला माझं बोलनं येतंय का?"

लग्न मोडलं. भावकीत बोलाचाली झाली, पण वडील हलले नाहीत. शैलजाच्या ओळखीनं गंगा लातूरला कर्णबधिरांच्या शाळेत मदतनीस म्हणून राहिली, तिथली खुणांची भाषा शिकली, आणि आज तिथंच लहान मुलांना शिकवते.

त्या दिवशी परतीच्या एसटीत मी जिंकल्याच्या तोऱ्यात होते. "बघ, कुणी न शिकवता भाषा उगवली! साचा आतच असतो." शैलजा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नामदेव नसता तर कुणासाठी उगवली असती, वसू?" माझं मत आजही बदललेलं नाही. मी ठामपणे सांगते, वाद असा चालावा की त्यात माणूस मोठं व्हावं. तिनं माझ्याशी तसाच वाद घातला.

परवा नांदेडला तिच्या अभ्यासिकेत गेले. खिडकीशी दोन खुर्च्या अगदी समोरासमोर, उजेड दोन्हीकडच्या हातांवर पडेल अशा. "गंगा इथं यायला लागली, तेव्हापासून अक्कानं अशाच ठेवल्यात," मल्लिकार्जुन म्हणाला, "हलवायला मन होईना." गंगाही आली होती. ती एका खुर्चीत बसली आणि तिनं मला समोरची दाखवली. मला जेमतेम चार खुणा येतात. माझे हात अडखळले... गंगा माझ्या हातांकडं बघत, घाई न करता, थांबून राहिली.