पुढच्या दाराचं कुलूप

माझ्या धाकट्या भावाला गल्लीत सगळे किल्ली म्हणतात. बाजाराच्या तोंडाशी त्याची टपरी आहे. किल्ल्या करून द्यायच्या, अडकलेली कुलपं काढायची, हेच त्याचं काम. हात सोन्याचा आणि अक्कल, मोठी बहीण म्हणून सांगते, बेताची. जगाची दारं उघडत हिंडणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घराचं पुढचं कुलूप वर्षभर अडकून पडलं होतं. "उद्या करतो," म्हणायचा. तो उद्या काही उजाडला नाही आणि घरातली सगळी मंडळी मुकाट्याने मागच्या दाराने ये-जा करू लागली. पुढच्या पायरीवर धूळ साचली, वाळकी पानं साचली. माझी भावजय बोलून बोलून थकली.

घर कर्जाचं. नवराबायकोने पोटाला चिमटा काढून घेतलेल्या दोन खोल्या, मागे एक ओटा आणि चार कुंड्या. बाकी कितीही गबाळा असला तरी किल्लीने हप्ता कधी चुकवला नाही. पण ज्या बँकेने कर्ज दिलं होतं, तिने एक दिवस ते एका कंपनीला विकून टाकलं. कर्ज विकता येतं हेच मला तेव्हा कळलं. आम्हाला कोणी विचारलंसुद्धा नाही.

या कंपनीचं काम काय, तर हप्ते गोळा करायचे. पण नुसते हप्ते गोळा करून त्या भल्या लोकांचं पोट कसं भरणार? पहिल्याच महिन्यात त्यांनी शोध लावला की घराचा विमा नाही. विमा होता. किल्लीने कागद पाठवला, मिळाला नाही म्हणाले. पुन्हा पाठवला, नीट वाचता येत नाही म्हणाले. तोवर ते स्वतःच तिप्पट दराचा विमा उतरवून मोकळे झाले आणि त्याचे पैसे याच्या हप्त्यातून कापले. मग हप्ता अपुरा पडला. अपुरा पडला म्हणून दंड. दंड थकला म्हणून घराची पाहणी, आणि पाहणीला येणाऱ्या माणसाचा खर्चही याच्याच डोक्यावर. आपल्या घराकडे कोणी रस्त्यावरून बघून गेलं म्हणून आपण पैसे मोजायचे! दरोडेखोर निदान स्वतःच्या खर्चाने येतात.

फोन केला की दर वेळी नवा आवाज, पण मध मात्र तोच. "सर, तुमची अडचण आम्ही समजू शकतो." मग पहिल्यापासून सगळी रामकहाणी सांगायची आणि शेवटी ऐकायचं की फाइलमध्ये तशी नोंद नाही. मी सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत जन्म काढला आहे. माणसाला या खिडकीवरून त्या खिडकीवर कसं पिटाळायचं, हे मला कोणी शिकवू नये. पण आमच्याकडे दुसऱ्या खिडकीत निदान माणूस बसलेला असायचा.

आता खरी मेख ऐका. याच कंपनीकडून किल्लीला कामही मिळत होतं. ताब्यात घेतलेल्या घरांची कुलपं तोडायला त्यांना कारागीर लागायचा, तो हा. एकदा मी विचारलं, "अरे, त्या घरात राहत होतं कोण?"

"कागद असतो ताई त्यांच्याकडे. आपण कोण विचारणारे? हप्ते बुडवले असतील."

त्याला स्वतःला तेच लोक सोलून काढत होते, तरी हे बोलणं! वर शांतपणे चहा प्याला. त्याच्या कानाखाली वाजवायची फार इच्छा झाली होती मला.

मग तो दिवस आला. दुपारी मी भावजयीबरोबर मागच्या ओट्यावर कपड्यांच्या घड्या घालत होते. तिकडे टपरीवर किल्लीला फोन आला, हे त्याने नंतर सांगितलं. "एक रिकामं घर आहे. कुलूप बदलायचं. पत्ता लिहून घ्या." पलीकडचा पत्ता सांगू लागला आणि किल्ली पेन्सिल धरून नुसता उभा राहिला. तो पत्ता त्याच्याच घराचा होता. चूक झाली म्हणून तिथेच सांगायचं की नाही? पण नाही! "येतो," एवढंच म्हणाला आणि आला.

पुढच्या दारात कंपनीचा माणूस उभा होता. गळ्यात ओळखपत्र, हातात फोन. धुळीचे, पानांचे फोटो मन लावून काढत होता. "सहा महिने बंद आहे," तो म्हणाला. "मालक परागंदा झालाय. तोडा."

किल्लीने तोडलं नाही. पायरीवर बसून तेल सोडलं, पातळ सळई घातली आणि वर्षभर हूं की चूं न करणारं ते कुलूप चहा उकळायच्या आत उघडलं. खटखट ऐकून भावजय आतून धावली, मागोमाग मी.

"अगं बाई, आज कसा मुहूर्त लागला?" दार उघडत ती नवऱ्याला म्हणाली. मग तिला हा दुसरा दिसला. "हे कोण? पाहुणे आहेत का?"

"बाई, तुम्ही आत कशा शिरलात?" पाहुणा म्हणाला.

"शिरले? नांदते मी इथे!"

तो फोनकडे बघायचा, मग तिच्याकडे, पुन्हा फोनकडे. एवढी धडधाकट बाई कमरेवर हात ठेवून समोर उभी, पण त्याचा विश्वास फोनवर. शेवटी म्हणाला, "माझ्याकडे रिकामं म्हणून आलंय. माणसं आहेत असं लिहायला यात जागाच नाही." मग त्याने 'कुलूप बदलले' असं भरलं, किल्लीची सही घेतली आणि पायरीवरची पानं तुडवत निघून गेला. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

किल्ली त्याच पायरीवर बसून राहिला. "ताई, मी आजवर किती दारं उघडली ग," म्हणाला. मला त्याची कीव आली आणि रागही आला.

घराचा लिलाव लागला. आम्ही तक्रार गुदरली. सुनावणीच्या दिवशी कंपनीचे वकील झोकात आले. समोरच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो, पण आमच्याकडे बघायची त्यांना गरज वाटली नाही. मालक तेव्हा बेपत्ता होता, म्हणाले. शोधायचे सर्व प्रयत्न केले. घर ओस पडलं होतं.

सुनावणी घेणाऱ्या बाई वयस्कर होत्या, चष्म्यावरून बघायच्या. "ओस होतं हे कोणी पाहिलं?"

"आमच्या अधिकृत कारागिराने, मॅडम. त्या दिवशी कुलूप त्यानेच बदललं. गेली कित्येक वर्षं आमच्याकडे आहे. एकदम विश्वासू."

"मग लावा त्याला फोन. मी विचारते."

वकिलांनी खुशीत फोन लावला. आमच्या बाकावर, माझ्या भावाच्या खिशात, घंटा वाजू लागली. किल्लीने फोन कानाला लावला आणि उभा राहिला. "बोला साहेब. किल्ली बोलतोय. बेपत्ता मालकही मीच."

बाईंनी चष्मा काढून पुसला. वकिलांनी फोन उलटा धरून पाहिला. यांना कर्जदार म्हणून जो माणूस सापडत नव्हता, त्यालाच हे हवं तेव्हा बोलावून राबवून घेत होते. अशा लोकांच्या हाती आम्ही आमची छपरं दिली आहेत!

लिलाव रद्द झाला. दंड, पाहण्या, तो तिप्पट विमा, सगळं खोडलं गेलं. कुलूप बदलल्याचा खर्चही कंपनीने याच्या कर्जावर चढवला होता, याला दिलेल्या मजुरीच्या दुप्पट, तोही खोडला. माफी कोणी मागितली नाही. संगणकाची चूक म्हणाले. भावजय म्हणाली, "काही का असेना, कंपनीने पाठवलं म्हणून पुढचं दार तरी सुधारलं."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी टपरीवर बसले असताना फोन वाजला. पुन्हा तेच. इतकं होऊनही यादीतून याचं नाव काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. किल्लीने पत्ता लिहून घेतला, रिकामं आहे, मालक बेपत्ता आहे, सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मागचं दार वाजवून बघितलंत का?"

पलीकडचा काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. किल्लीने फोन ठेवला, पत्त्याचा कागद खिशात घातला आणि टपरीची फळी ओढली. हत्यारांची पिशवी तिथेच राहिली होती, म्हणून मी हाक मारली.

"नको," तो म्हणाला. "नुसतं दार वाजवायचंय."