काळ्या किनारीचे पायपुसणे

फिलूबाय गेल्याचे तिच्या लेकीने, रोझने, फोनवर सांगितले. "मास्तर, आय गेली," एवढेच ती म्हणाली... आणि तारोडीचा किनारा, माडांखाली वाळत घातलेल्या सोनेरी काथ्यासह, माझ्या भाईंदरच्या जेसल पार्कातल्या खोलीत तरंगत आला.

पुढे गावात शोकसभा झाली. एका वक्त्याने सांगितले की, इथल्या बायकांना काथ्याचे काम या मास्तरांनी शिकवले आणि त्यांच्या पायपुसण्यांची नावाजलेली काळी किनार हीही मास्तरांचीच कल्पना. टाळ्या झाल्या. मग एका पुरवणीतही तसेच छापून आले. ही हकीकत मला साफ अमान्य आहे. तीत माझी स्तुती आहे, म्हणून अधिकच.

ऐंशीचे दशक सरता सरता मी गिरगाव सोडून भाईंदरला आलो. शाळेत चित्रकला शिकवीत असे आणि रविवारी समुद्र रंगवायला तारोडीला जाई. नारळाची सोडणे, म्हणजे वरची जाड साले, तिथे ढिगांनी कुजत, नाहीतर चुलीत जात. त्यांच्या काथ्याची पायपुसणी करा, असे मी सुचवले, एवढेच खरे. गाठी फिलूबायच्या होत्या. जाळी विणणाऱ्या बाईला गाठ मी काय शिकवणार? पण सोडणे भिजवायची कुठे, यावर आमचे जुंपले. खाऱ्या पाण्याने धागा नासेल, तळ्यातच भिजवा, असे मी ठणकावले.

"मास्तर, तल्याचा पानी मेलेला हाय. खाडीन टाका. भरती-ओहोटी धुवून काढल."

"फिलूबाय, शिकलेला मी आहे की तू?"

"शिकलेले तुमीच. भिजलेली मी हाय."

तरीही माझेच ऐकले गेले. नवऱ्यापुढे हात न पसरता पोरांच्या वह्या घेता येतील, या आशेवर बायकांनी चुलीतून वाचवलेली सोडणे महिनोन् महिने तळ्यात राहिली... आणि बाहेर निघाली ती काळी, दुर्गंधी सुटलेली. "मास्तरलाच बुडवा तल्यान," कुणी ओरडले. फिलूबाय पुढे झाली. "जागा मी दाखवली. चूक माजी," म्हणाली. मग ओहोटीला चिखलात उतरून तिने एक जुने जाळे ओढले. माझ्या नकळत तिने थोडी सोडणे त्यात बांधून खाडीतही दाबून ठेवली होती. ती ठोकली, तेव्हा उन्हाचेच धागे निघावेत तसा काथ्या निघाला. काळा काथ्या तिने फेकला नाही, किनारीला विणला. गिऱ्हाइकांना तीच किनार आवडली. तेव्हापासून दर वर्षी तारोडीच्या बायका थोडी सोडणे मुद्दाम तळ्यात टाकतात. माझी चूक त्या नेमाने पिकवतात, आणि पोरांच्या वह्या त्यांच्या पैशांनी येतात.

शोकसभेत रोझ माझ्याकडे पाहत होती. मी उठलो नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करणारा मी, टाळ्या ऐकत बसलो. म्हणून काल हा मजकूर तारोडीला जाऊन तिला वाचून दाखवला. तिने डोळे पुसले. "आयला सांगाया पायजे होता, मास्तर," म्हणाली.

फिलूबायने दिलेले पहिले पायपुसणे माझ्या दारात आहे. मी कधी त्यावर पाय ठेवला नाही. घरी आली की ती म्हणे, "देवाचा फोटू हाय काय? पाय पुसा की!"

काल परतलो तेव्हा तारोडीचा चिखल टाचांना होता. दारात थांबलो... आणि काळ्या किनारीवर पाय पुसले. काथ्या अजून टोचतो.