गोलमटोलसचा रथ आणि डोमाजींचा लाल्या

"हा शंकरपट आहे," हेडमास्तर म्हणाले आणि त्यांनी माझं चित्र परत केलं.

खरंच होता. दोन रथ, शेजारी-शेजारी, सरळ पट्टीवर सुसाट. आमच्याकडे बैलजोड्या अशाच पळवतात, त्याला शंकरपट म्हणतात. दुसरी कुठली शर्यत मी बापजन्मी पाहिली नव्हती.

एकोणीसशे पन्नासच्या आगेमागे मी गोंदियाच्या एका लिथो प्रेसमध्ये आर्टिस्ट होतो. आर्टिस्ट म्हणजे काय, तर बिडीच्या बंडलांवरचं लेबल काढणारा. वाघ, मोर, घड्याळ, पुन्हा वाघ. वाघांना मी पार विटलो होतो. अशात हेडमास्तरांनी शाळेच्या संमेलनात वाटायला पोरांसाठी विनोदी चित्रकथा लिहून आणली, प्राचीन ग्रीसमधल्या खेळांची. नायक गोलमटोलस हा जाडा आचारी. मल्लांना तेल लावायला जातो अन् कुस्ती जिंकून येतो. ते खेळाडू नागडेच धावत, असं मास्तरांनी आवाज उतरवून सांगितलं. मी सगळ्यांना लंगोट घातले. प्रश्न मिटला.

प्रेसच्या सेठनं मात्र बजावलं होतं, "मास्टरजी खुश, तो आगे किताबें तेरी. नहीं तो शेर बना."

आता मास्तर म्हणत होते, ग्रीक रथ सरळ जात नसत. टोकाला खांब असे, त्याला वळसा घालून परत यायचं. चार घोडे एका ओळीत. मी विचारलं, चार घोडे एकदम वळतात कसे? मास्तरांच्या जाड इंग्रजी पुस्तकात नुसती वर्णनं, चित्र एकही नाही. माझ्या डोक्यात ते चार घोडे दोन दिवस एकमेकांच्या अंगावर पडत राहिले.

तिसऱ्या दिवशी लेबलांची पार्सलं घेऊन सायकलीनं जवळच्या कामठा गावी गेलो. तिथे ओळखीचे शेतकरी डोमाजी खळ्यावर बैलांच्या पायांखाली धान चुरत होते. मधे मेढ, म्हणजे खांब. त्याला बांधलेले चार बैल एका ओळीत गोल फिरत होते. मी सायकल तशीच टाकली. अरे, हेच तर पाहिजे होतं!

डोमाजी म्हणाले, "मेढीजवळ म्हातारा लाल्या. तो जागच्या जागी फिरते. बाहेरचा तरणा पाह्यजे, त्याले धावा लागते."

संध्याकाळपर्यंत मी तिथेच बसून कागद भरले.

लिथोत चित्र थेट दगडावर काढतात आणि दगडावरचं कागदावर उलटं उमटतं. म्हणून अक्षरंसुद्धा आरशातल्यासारखी लिहायची. ती मी सवयीनं तशीच लिहिली. पण घोडे काढताना असा रंगलो, की खळ्यावर पाहिलं तसंच दगडावर उतरवलं. पहिलं प्रूफ निघालं आणि मी ते खळ्यावरच्या कागदांशेजारी धरलं. लाल्याच्या उजव्या हाताला मेढ होती. इथे घोड्यांच्या डाव्या हाताला खांब! अख्खी शर्यत उलटी फिरत होती. दगड घासून चित्र पुन्हा काढायचं, तर शाळेचं संमेलन चार दिवसांवर. आणि दारात मास्तर उभे.

त्यांनी प्रूफ पाहिलं. पिशवीतून जाड पुस्तक काढलं, पानं चाळली. मी मनातल्या मनात वाघाच्या मिशा काढायला घेतल्या.

"शाब्बास," मास्तर म्हणाले. "खांब डावीकडेच असे. हे मी तुम्हाला सांगायचं विसरलो होतो. तुम्ही बरंच वाचलेलं दिसतंय."

मी प्रूफ उचलून ठेवलं. खोटं बोललो नाही, खरंही सांगितलं नाही. सेठनं पुढचं पुस्तक मला दिलं.

छापलेली एक प्रत डोमाजींना नेऊन दिली. त्यांना वाचता येत नव्हतं. गोलमटोलसवर ते खूप हसले. मग रथाच्या पानावर थांबले आणि त्यांनी आतल्या घोड्यावर बोट ठेवलं.

"हा आतला घोडा म्हणजे आमचा लाल्या होय ना?"

मी हो म्हणालो.

"मंग त्याले उलटा काऊन फिरवला?"

पुढे बरीच पुस्तकं काढली. प्रूफ मास्तरांना दाखवायच्या आधी ज्याचा बैल त्याला दाखवू लागलो.