पोलीस पोस्टवरचा फराळ

मैत्रिणींनो, आज फराळाचा डबा घेऊन सिंगापूरमधल्या आमच्या क्वीन्सटाउनच्या ब्लॉकखालच्या, म्हणजे इमारतीखालच्या, पोलीस पोस्टवर गेले. दार बंद, बाहेर एक नवीन मशीन. त्यावर लिहिलेलं, काम असेल तर स्क्रीनला हात लावा.

इथले पोलीस भेटवस्तू घेत नाहीत, हे ठाऊक असूनही मी दर दिवाळीला चकल्या न्यायचे. शेजारची फातिमा ईदला केक न्यायची, समोरच्या लिमआजी चिनी नववर्षाला संत्री. तिथला सार्जंट प्रत्येकीला हसून तेच सांगायचा, "आंटी, कॅनॉट लाह, घेता येत नाही. तुम्ही खा, मी बघतो." मग मी तिथेच बसून एखादी चकली खायचे आणि तो माझ्या गुडघ्यांची चौकशी करायचा.

लिमआजी हल्ली घराची वाट विसरतात. त्यांना तोच घरी सोडायचा. आज त्या मशीनसमोरच उभ्या होत्या.

"पोलीस बॉय कुठे गेला?"

मी म्हटलं, "त्याची बदली झाली. चला, मी येते सोबत."

तुमच्या ब्लॉकखाली अजून कोणी बसतं का? असेल तर उद्या सहज भेटून या.

डबा दरवर्षीच भरलेला परत यायचा. आज नको म्हणायलाही कोणी नव्हतं.